जवळ्याचा खोकला

मी बरी झाले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्या एखादीच्या उशाशी आत्ता त्या गोळ्यांचं पाकीट असेल आणि शेवटी काय होतंय या धास्तीने तिला पुढचं वाचवणार नाही. टीबी बरा होतो. सहा महिने न चुकता गोळ्या खाल्ल्या की बरा होतो. माझा झाला. माझ्या ताईचा झाला नाही, आणि तो का झाला नाही हे सांगायला मी बसले आहे.

दवाखान्यातल्या समुपदेशनाच्या मॅडमनी मला लिहायला लावलं. म्हणाल्या, "वनिता, तू लिही, दुसऱ्या बायकांना धीर येईल. फक्त राग जरा कमी ठेव." मी हो म्हणून घरी आले. वही उघडली तर पहिला रागच बाहेर आला. मॅडम, माफ करा, तुमच्या मापाने जमणार नाही.

ताई

माझी मोठी बहीण रंजना. आमचं माहेर झाईचं. खाडी ओलांडली की गुजरात, त्यामुळे आम्ही पोरी शाळेत मराठी बोलायचो, बाजारात गुजराती आणि भांडताना दोन्ही. बाबांची लहान होडी होती. ताई दिसायला काटक आणि बोलायला फटकळ. तिचं लग्न चिखल्याला झालं. घर आमच्यासारखंच, मच्छीवाल्यांचं. सासरे आधीच वारले होते, दम लागून. तो दम कसला होता हे कुणी विचारलं नव्हतं. घरात सासू आणि नवरा. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, म्हणून मीही पुढे आत्याच म्हणेन. दिनेश भावजी वेरावळच्या बोटीवर खलाशी. नारळी पौर्णिमा झाली की जायचे, ते पाऊस तोंडावर आला की परत. वर्षातले बहुतेक दिवस त्या घरात दोन बायकाच असत, आणि पुढे तन्वी झाली.

ताई सुकी मच्छी घेऊन डहाणूच्या बाजारात बसायची. गुजराती गिऱ्हाईक दिसलं की "आवो बेन, ताजो माल छे," असं गोड बोलायची, आणि बाई भाव पाडायला लागली की मराठीत हळूच दोन शब्द हासडायची. मी कधी सोबत बसले तर माझी हसून पुरेवाट व्हायची. तिची ही ओळख मी मुद्दाम करून देते आहे. ती गेल्यावर जो तो "बिचारी" म्हणतो. ती बिचारी अजिबात नव्हती.

जवळ्याचा खोकला म्हणजे काय

जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. ताजी आली की जमिनीवर जाळी अंथरून उन्हात पसरायची. कडक वाळली की झाडून गोळा करायची, सुपात पाखडायची, चाळायची. पाखडताना तिचा बारीक भुगा उडतो. नाकात जातो, घशात बसतो, डोळ्यांतून पाणी येतं. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या निम्म्या बायका खोकत असतात. त्यालाच जवळ्याचा खोकला म्हणतात. त्यासाठी दवाखान्यात गेलेली बाई मी पाहिली नाही. गुळाचा खडा तोंडात टाकायचा, बाजूला थुंकायचं आणि परत सूप हातात घ्यायचं.

हा खोकला खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो खराच आहे. काम थांबलं की थांबतो. पण आमच्यात झालं काय, की जवळ्याचं नाव एकदा दिलं की कुठलाही खोकला त्या नावाखाली खपून जायला लागला. काम संपलं, भुगा धुऊन गेला, तरी खोकणारी खोकतच असायची आणि बाकीच्या म्हणायच्या, जवळ्याचाच आहे, उतरायला वेळ लागतो.

आत्या अशी खोकायची. ताईच्या लग्नात अक्षता टाकताना खोकत होती. फोटोतही तिचा पदर तोंडाला आहे.

ताईचं निदान

तन्वी तीन वर्षांची होती तेव्हा ताईला खोकला लागला. आधी जवळ्याचाच म्हटला. मग ती वाळायला लागली, संध्याकाळी अंग तापायला लागलं. गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडून लाल औषधाच्या बाटल्या आल्या आणि संपल्या. एका सकाळी बोंबील वाळत घालताना ती थुंकली तर रक्त. मग सरकारी दवाखाना. मी तेव्हा उंबरगावला कारखान्यात पॅकिंगला जायचे. सुट्टी टाकून सोबत गेले, आत्याही आली.

टीबी निघाला. डॉक्टरांनी ताईला समजावून सांगितलं, गोळ्या फुकट मिळतील, एकही दिवस चुकवायचा नाही. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला आहे?"

आत्याने पदर तोंडाला लावला, खोकली, घसा मोकळा केला आणि म्हणाली, "नाय. कोनाला नाय."

तिथे कुणी हसलं नाही. ताईला काही वाटलं नाही, मला वाटलं नाही, आत्यालाही वाटलं नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी तिला खोकला नव्हताच, तिला जवळ्याचं होतं. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासणीला आणा, असंही डॉक्टर म्हणाले. आत्याने मान हलवली. तपासणीला कुणी गेलं नाही.

बाहेर रिक्षात बसल्याबरोबर ती मला म्हणाली, "आमच्या घरात हा रोग कदी नव्हता हां. तुमच्या झाईचा हाय हा."

झाई आणि चिखले

आमच्यात सुनेचं बाळंतपण माहेरचं आणि आजारपणही माहेरचं. पाहुणेरावळे, सण, शेजार, सगळ्यांसमोर सासरच्यांनी सून आजारी ठेवायची नाही. घराला नाव लागतं. आणि खरी गोष्ट अशी, की काम करत नाही ती सून घरात ठेवून करायचं काय? ताईला झाईला पाठवली. तन्वीला तिकडेच ठेवून घेतली, रोग लागेल म्हणून. पोर आत्याच्या कुशीत झोपायला लागली.

झाई तलासरी तालुक्यात, चिखले डहाणूत. गोळ्या चालू असताना गाव बदललं तर फक्त सांगायचं असतं. नोंद इकडून तिकडे जाते, गोळ्या नव्या ठिकाणी मिळतात. हे मला माझ्या वेळी कळलं. पण सांगायचं म्हणजे सून आजारी आहे हे मान्य करायचं. गोळ्यांची चौकशी करत घरोघरी फिरणारी आशाताई, म्हणजे गावातली आशा सेविका, चिखल्याच्या घरी विचारायला आली, तेव्हा आत्या म्हणाली, "ती पावनी गेलीय." कुठे, कधी येणार, काही नाही. पाहुणी गेलीय.

झाईच्या बाजूची आशाताई मात्र आमच्याकडे आली, कारण आईने स्वतः जाऊन बोलावलं. आई, बाबा, मी, तिघांची तपासणी झाली. तिघंही स्वच्छ. आईने तो निकाल पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जपला आणि भेटेल त्याला सांगितला. ऐकतो कोण!

दोन महिन्यांत ताईच्या अंगावर जरा मांस धरलं. ती हसायला लागली, बाबांच्या होडीला नावं ठेवायला लागली. लगेच चिखल्याहून निरोप आला, बोंबिलाचे दिवस आहेत, माणूस नाही, आता बरी आहे तर पाठवा. ती तन्वीसाठी धावत गेली. तिथे गोळ्या सुटल्या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगत दिवसभर हात वर करून उभी राहायची आणि रात्री सासूशेजारी, खिडकी बंद करून, झोपायची. परत खोकला, परत रक्त, परत झाई. मग पुन्हा एकदा चिखले. माल आला की ती चिखल्याची आणि रक्त पडलं की झाईची. दर फेरीत मधल्या दिवसांच्या गोळ्या बुडायच्या. पुढे त्या गोळ्या तिला लागू पडेनाशा झाल्या. मोठ्या दवाखान्यात नेऊन वेगळ्या गोळ्या सुरू करायचं ठरत होतं. ठरेपर्यंत ती संपली.

ती झाईला आमच्या पडवीत गेली. दुपारची वेळ होती. आई तिला पेज भरवत होती. खोकल्याची उबळ आली आणि रक्त थांबेचना. मी टॉवेल बदलत राहिले. बाबा गाडी बघायला रस्त्यावर पळाले, गाडी आली तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं.

आणि आता ऐका. संध्याकाळ व्हायच्या आत चिखल्याहून टेम्पो आला. इतके महिने जिला ठेवून घ्यायला त्यांच्याकडे जागा नव्हती, तिला न्यायला अख्खी आळी आली. "आमची सून हाय, झाईत कशी जालनार?" दिनेश भावजी बोटीवर होते, त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. ताईला हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं. बायका एकमेकींना सांगत होत्या, नशीब काढलं पोरीने, नवऱ्याच्या आधी गेली, अहेव मरण आलं. एका बाईने माझ्या आईचा हात धरून हे सांगितलं. सव्वीस वर्षांची पोर रक्त ओकून मेली आणि म्हणे नशीब काढलं. त्या बाईचा हात मी झटकून टाकला. अजून दिसली तर अजून झटकेन.

माझं लग्न

वर्ष झालं तशी चिखल्याची माणसं झाईला आली. तन्वीचं कसं करायचं, दिनेशने दुसरी केली तर पोरीला सावत्र आई येईल, त्यापेक्षा मावशीच का नको. मला कुणी थेट विचारलं नाही. बाबा खाली बघत होते, आई चहा देत होती. तन्वी अंगणात खेळत होती. तिने पळत येऊन माझ्या ओढणीला हात पुसले आणि परत पळाली. मी हो म्हटलं. माझं लग्न तन्वीशी झालं असं मी अजूनही म्हणते, दिनेशच्या तोंडावर म्हणते. तो हसतो. माणूस वाईट नाही. त्याला घरातलं काही कळत नाही, आणि न कळण्यातच त्याची सोय आहे.

ताईची जागा मिळाली म्हणजे सगळंच मिळालं. तीच खोली, तीच बंद खिडकी, तेच सूप. एका बाजूला आत्या, मध्ये तन्वी, पलीकडे मी.

माझी पाळी

दीड वर्षात मला खोकला लागला. मला लगेच कळलं, आणि तरी मी पंधरा-वीस दिवस गूळ चघळत काढले, कारण भीती वाटत होती. भीतीबद्दल मॅडमनी लिहायला सांगितलं होतं, ते लिहिते. मला मरणाची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती त्या टेम्पोची. आपल्यालाही असंच हिरवं नेसवून आडवं करून नेतील आणि बायका नशीब काढलं म्हणतील, हे डोळ्यांसमोरून हलेना.

मे महिना संपत आला होता. जवळा विकून झाला होता. मी दवाखान्यात जाते म्हटल्यावर आत्याही तन्वीला घेऊन आली. थुंकीचा निकाल आला, फोटो निघाला. नव्या डॉक्टर होत्या, तरुण. त्यांनी नीट समजावलं आणि तोच प्रश्न विचारला, "घरात आणखी कुणाला खोकला?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाला नाही."

कागद घेऊन बाहेर आले. बाकावर आत्या बसली होती, मांडीवर तन्वी. आत्याला उबळ आली. ती खोकायला लागल्याबरोबर तन्वीने, हातातलं बिस्कीट खाणं न थांबवता, सवयीने मान पलीकडे फिरवली. उबळ संपली तशी मान परत सरळ केली. पोर ते न बघता करत होती. किती दिवस करत असेल, मला सांगता येणार नाही.

मी तशीच आत गेले. रांगेतल्या माणसांनी आरडाओरडा केला. "डॉक्टर, खोकतं," मी म्हटलं. "माझी सासू खोकते. माझ्या लग्नाआधीपासून, माझ्या बहिणीच्या लग्नाआधीपासून खोकते."

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"मघाशी तो जवळ्याचा होता."

त्यांना काही कळलं नाही. त्या बाहेरगावच्या होत्या. त्यांनी थुंकी आणायची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, सासूबाईंना द्या, सकाळी उठल्याबरोबरची हवी, लहान मुलीलाही दाखवायला आणा.

डबी

आत्याने डबी बघितली आणि रस्त्यावर टाकून दिली. "मना डाग लावते? तुमी दोघी बहिनी मायेरून रोग घेऊन आल्या, आता मना लावते?" तन्वी रडायला लागली. मी डबी उचलून पिशवीत घातली.

घरी पोहोचल्याबरोबर आत्या माझी बॅग भरायला लागली. दिनेशला तिने फोन लावला. तो वेरावळहून म्हणाला, "थोडे दिवस झाईला जा ना. बरी झाली की ये. आईला कशाला दुखवते?" दुसऱ्या दिवशी तर माझे बाबाच रिक्षा घेऊन दारात. त्यांना कुणी निरोप दिला देव जाणे. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "चल बाय, घरी चल."

माझा आवाज अख्ख्या आळीने ऐकला असेल. मी म्हटलं, "बाबा, एकीला असंच नेलंत आणलंत. मी इथून हलणार नाही. माझ्या गोळ्या इथे मिळतात, मी इथेच खाणार. माझं अंथरूण या पडवीत घालते, तन्वीचं माझ्यापासून लांब, आणि आत्यापासूनही लांब. आत्यांनी तपासून घ्यावं. निकाल चांगला आला तर तन्वी त्यांच्या कुशीत झोपेल, मी त्यांच्या पाया पडेन."

बाबा रिकामी रिक्षा घेऊन परत गेले. मला त्यांचाही राग आला होता. लेकीला घरी न्यायला आलेल्या बापाचा राग येणं चांगलं दिसत नाही, पण आला.

आत्याला बाकी कशाचं काही नव्हतं, तन्वीला वेगळं झोपवलं हे मात्र लागलं. ती माझ्याशी बोलेना. माझं ताट, वाटी, पेला वेगळा केला, आणि स्वतः सकाळी सगळ्यांच्या चुलीवर खोकत भाकऱ्या थापायची. हा रोग ताटातून जात नाही हो. तो हवेतून जातो, बंद खोलीत, खोकणाऱ्याच्या शेजारी झोपणाऱ्याला. वाटी वेगळी ठेवून फक्त माणूस वेगळं पडतं. मी खिडक्या उघडायचे, आत्या लावायची. मी परत उघडायचे. अशी आमची बोलाचाली खिडक्यांतून चालू होती.

आठवडा गेला असेल. सकाळी तन्वी फ्रॉक घालत होती आणि खोकली. परत खोकली.

आत्या चुलीपाशी होती. म्हणाली, "काय नाय, जवल्याचा..."

आणि थांबली. घर कधीच धुऊन झालं होतं. सुपं माळ्यावर गेली होती. ज्या पोरीने आयुष्यात सुपाला हात लावला नाही, ती खोकत होती. आत्याने उलटायला घेतलेली भाकरी तव्यावर जळायला लागली. मग न वळता म्हणाली, "कुठे हाय ती डबी?"

निकाल

तन्वीला साधी सर्दी होती. फोटो स्वच्छ. तिला पुढे रोग होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. त्या दिवशी दवाखान्याच्या नळावर मी तोंड धुतलं, परत परत धुतलं.

आत्याची थुंकी दूषित निघाली. तिच्या छातीचा फोटो डॉक्टरांनी उजेडावर धरला. मला वाचता येत नाही तो फोटो, पण त्यांचा चेहरा वाचता आला. म्हणाल्या, "हे आत्ताचं नाही. बऱ्याच वर्षांचं आहे."

बऱ्याच वर्षांचं. म्हणजे ताई त्या घरात यायच्या आधीचं. आत्याला बहुधा तिच्या नवऱ्याकडून आलं, त्या दम लागून गेलेल्या सासऱ्यांकडून. आत्याकडून ताईला. आत्याकडून मला. आणि नाव कुणाचं, तर झाईचं! तोच खोकला सासूच्या छातीत असला की धंद्याचा, आणि सुनेच्या छातीत गेला की माहेरचा.

घरी आल्यावर मी आत्याला म्हटलं, "आता बॅग भरा. आजारी बाईने माहेरी जायचं असतं ना? जा तुमच्या माहेरी."

तिचं माहेर बोर्डीचं. आईबाप कधीच गेलेले, भाऊही गेले, भाचे तिला ओळखत असतील-नसतील. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मना कोन हाय तिथे?"

मॅडमना इथे माझ्या मनात दया आलेली आवडली असती. नाही आली. मी फक्त म्हटलं, "मग इथेच गोळ्या खायच्या. एक दिवस चुकलात तर माझ्याशी गाठ आहे."

सहा महिने

रोज सकाळी आम्ही तिघी ओळीने बसायचो. आधी तन्वीची गोळी, मग माझ्या, मग आत्याच्या. सुरुवातीला मळमळतं. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. आत्या घाबरली, रक्तच पडतंय म्हणून ओरडत बाहेर आली. तेव्हा मी आणि आशाताई पोट धरून हसलो, आणि शेवटी ती पण हसली. सांधे दुखतात, भूक वाढते. अंडी खा, डाळ खा, मच्छी तर आपल्याच घरात आहे. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात, तो दिवस सगळ्यांत घातक. गावी जायचं झालं तर आशाताईला सांगून जा. ती बदनामी करत नाही, गोळ्या पोचवते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा खोकला मोजा. त्यांचा अपमान होतो म्हणून सोडू नका.

दिनेश पावसाळ्यात घरी आला, त्याची तपासणी झाली. स्वच्छ. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर असलेला माणूस स्वच्छ, आणि घर सांभाळणाऱ्या दोघी बायकांना रोग. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मला काय माहीत होतं?" मी म्हटलं, "तेच तर." त्यानंतर त्याने स्वतःच सुतार आणून खोलीला दुसरी खिडकी पाडून घेतली. एवढं तरी केलं.

आळीत मात्र अजून तेच. पाण्याला गेलं की बायका विचारतात, बरा झाला का गं झाईचा आजार? मी आत्याकडे बघायचे. आत्या हंडा उचलून चालायला लागायची.

झाईला

सहा महिने झाले. तिघींचेही निकाल चांगले आले. आत्या खोकायची थांबली, आणि घरात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायला लागलं, इतकी वर्षं तो आवाज होता. मी तिला एकदाच म्हटलं होतं, झाईला चला आणि माझ्या आईला सांगा. ती ऐकून न ऐकल्यासारखी उठून गेली होती. मी परत म्हटलं नाही. पण एके दिवशी सकाळी गोळ्यांच्या वेळेला, आता गोळ्या नव्हत्या तरी, ती धुतलेली साडी नेसून पडवीत येऊन बसली. म्हणाली, "चल. झाईला."

घोलवड, बोर्डी करत आम्ही गेलो. बोर्डीला तिने बाहेर बघितलंसुद्धा नाही. तन्वीला मी शाळेत सोडलं होतं.

माझी आई पडवीत तांदूळ निवडत होती. ताई गेल्यापासून त्या दोघी समोरासमोर बसल्या नव्हत्या, माझ्या लग्नातही नाही. आईने चटई सरकवली. आत्या बसली नाही. खांबाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "विहीनबाय, रोग तुमच्या पोरीचा नव्हता. माझा होता. माझ्यापासून तिला गेला, मंग या वनिताला. मना आधी होता."

आईचे हात तांदळात थांबले. तिने आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्हीसाठी तयार होते. आई अगदी साध्या आवाजात बोलली, बाजारात भाव विचारावा तशी.

"तुमी तवाच गोळ्या खाल्ल्या असत्या, तर माझी रंजू असती?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. इतके महिने डॉक्टरांशी, आशाताईशी, आळीशी, सगळं मीच बोलत आले होते. आताही मीच काहीतरी बोलेन, मधलं काहीतरी, दोघींना झेपेल असं, अशी तिची नजर होती. मी बोलले नाही. तिला बोलू दिलं.

"असती," आत्या म्हणाली.

आईने सूप उचललं आणि आत गेली. आत्या खांबापाशी उभीच होती. तिला कुणी पाणी विचारलं नाही, आणि मीही उठले नाही.